खेळातले युद्ध बातमीत कसे शिरते? वास्तवदर्शी सैनिकी खेळांची ओळख

नवी दिल्ली : रात्रीचे आकाश, जमिनीवरून वर झेपावणारी तांबड्या ठिणग्यांची माळ, क्षणार्धात पेट घेणारे विमान आणि थरथरणारा कॅमेरा. अशी काही सेकंदांची चित्रफीत गेल्या काही वर्षांत जगातील जवळपास प्रत्येक मोठ्या संघर्षाच्या वेळी समाजमाध्यमांवर फिरली आहे. कधी ती युक्रेनची म्हणून आली, कधी गाझाची म्हणून, तर मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी संघर्षाच्या दिवसांत आपल्या सीमेवरची म्हणूनही आली. यांतील अनेक चित्रफितींमधले विमान कधी उडालेच नव्हते आणि तोफही कधी धडाडली नव्हती. ती दृश्ये संगणकावरील एका खेळातली होती.

या खेळाचे नाव बहुतेक वेळा ‘आर्मा ३’ असे निघते. झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील ‘बोहेमिया इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीने तो सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आणला. सैनिकी तुकडीचा भाग होऊन शक्य तितक्या वास्तव पद्धतीने लढण्याच्या खेळांचा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि ‘आर्मा’ मालिका व ‘स्क्वॉड’ हे त्यातील सर्वाधिक परिचित खेळ. हे खेळ इतके खरे का वाटतात, खेळणारा त्यात नेमके काय करतो आणि त्यातील किती भाग खऱ्या युद्धासारखा असतो, हे समजून घेतल्याशिवाय अशा चित्रफितींना लोक का फसतात, याचा उलगडा होत नाही.

गोळीबारापेक्षा वाट पाहणेच अधिक

बंदुकीचा खेळ म्हटले की धावत सुटलेला एकटा नायक, पडद्याच्या मध्यभागी नेम धरण्याची फुली आणि दर दहा सेकंदांनी कोसळणारा शत्रू, असे चित्र डोळ्यांसमोर येते. वास्तवदर्शी प्रकारातील खेळ या अपेक्षेला सुरुवातीलाच तडा देतात.

कॅनडातील ‘ऑफवर्ल्ड इंडस्ट्रीज’ या कंपनीचा ‘स्क्वॉड’ हा खेळ याचे चांगले उदाहरण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंसाठी खुला झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. इंटरनेटवरून जोडलेले पन्नास खेळाडू एका बाजूला आणि पन्नास दुसऱ्या बाजूला असतात. प्रत्येक बाजूची विभागणी जास्तीत जास्त नऊ जणांच्या पथकांमध्ये होते व प्रत्येक पथकाला एक नायक असतो. भारतीय पायदळात साधारण दहा जणांचा सेक्शन असतो आणि त्याचे नेतृत्व हवालदार करतो; खेळातील पथक आकाराने त्याच्या जवळपास जाणारे आहे.

पथकातील प्रत्येकाला वेगळे काम असते. कोणाकडे साधी रायफल, कोणाकडे मशीनगन, कोणाकडे रणगाडाविरोधी रॉकेट, तर कोणाकडे औषधोपचाराची पिशवी. जखमी सोबत्याचा रक्तस्राव पट्टी बांधून कोणीही थांबवू शकतो. मात्र त्याला पुन्हा पूर्णपणे सक्षम करण्याचे काम वैद्यकीय जबाबदारी असलेल्या खेळाडूलाच जमते. त्यामुळे तो पडला की सगळे पथक दुबळे होते आणि नायक त्याला पुढे जाऊ देत नाही.

पडद्यावर नेम धरण्याची फुली नसते. मॅगझिनमध्ये किती गोळ्या उरल्या, हा आकडाही दिसत नाही. मॅगझिन काढून पाहिली तरी साधारण अंदाजच येतो. झाडलेली गोळी शत्रूला लागली का, याची पोच मिळत नाही. समोरच्या झुडपात हललेली आकृती आपल्या बाजूची की विरुद्ध बाजूची, हे नकाशा पाहून आणि सोबत्यांना विचारून ठरवावे लागते, कारण आपल्याच माणसाला लागलेली गोळी या खेळात त्याचाही जीव घेते.

खेळाचा खरा कणा आहे तो बोलणे. जवळ उभ्या असलेल्यांशी, आपल्या पथकाशी आणि इतर पथकनायकांशी बोलण्यासाठी तीन स्वतंत्र ध्वनिवाहिन्या असतात. ‘ईशान्येला, पडक्या भिंतीजवळ, दोनशे मीटरवर दोन जण’ एवढी माहिती मोजक्या शब्दांत देता आली पाहिजे. जो लांबण लावतो, त्याच्यामुळे वाहिनी अडून राहते आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाची सूचना ऐकायची राहून जाते. नवख्या खेळाडूला सहसा पहिला धडा मिळतो तो गप्प राहण्याचा आणि ऐकण्याचा.

एक सामना तासभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालतो. त्यातील मोठा वेळ चालण्यात, ट्रकमधून बांधकामाचे साहित्य आणि दारूगोळा पोहोचवण्यात, तळ उभारण्यात किंवा एखाद्या खिडकीतून रस्त्यावर नजर ठेवण्यात जातो. रसद न आणणारी बाजू कितीही नेमबाज असली तरी हरते, कारण मेलेल्या खेळाडूंना पुढच्या भागात परत येण्यासाठी त्या तळाचाच आधार असतो. सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या बदलानंतर तर धावून दमलेल्या सैनिकाच्या हातातील बंदूक अधिक हलू लागली आणि जवळून गोळ्या जात असताना नेम धरणे अवघड झाले. एकट्याच्या कौशल्यापेक्षा पथकाच्या समन्वयाला महत्त्व यावे, हा त्यामागचा हेतू होता.

‘पबजी’चे मूळही इथेच

या प्रकाराची पायाभरणी २००१ मध्ये झाली. बोहेमिया कंपनीने त्या वर्षी ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ हा खेळ आणला. कथा १९८५ सालातील शीतयुद्धाची आणि स्थळे काल्पनिक बेटांवरची होती. खेळणारा सामान्य शिपाई असे आणि एक-दोन गोळ्यांत त्याचा खेळ संपू शके. समोर अरुंद बोळ आखून न देता खुले मैदान, जंगले आणि गावे असा विस्तीर्ण प्रदेश त्यात होता. पुढे याच कल्पनेतून ‘आर्मा’ मालिका विकसित झाली.

या खेळांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांत फेरफार करण्याची मुभा कंपनीने खेळाडूंना दिली. नवी शस्त्रे, गणवेश, वाहने, प्रदेश आणि नियमसुद्धा कोणीही तयार करून इतरांना देऊ शकतो. अशा फेरफारांना खेळाडू ‘मॉड’ म्हणतात. ब्रेंडन ग्रीन या आयरिश तरुणाने ‘आर्मा’ मालिकेतील खेळांवर अशीच एक आवृत्ती बेतली. त्यात शेवटी उरेल तो जिंकत असे. तीच कल्पना पुढे २०१७ मध्ये ‘पबजी’ या नावाने जगभर पोहोचली. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ११८ ॲपमध्ये पबजीची मोबाइल आवृत्ती होती आणि त्यानंतर आलेला ‘बीजीएमआय’ हा खेळ भारतातील लाखो तरुणांच्या मोबाइलवर आहे. या तरुणांपैकी अनेकांनी ‘आर्मा’चे नावही ऐकलेले नसेल, परंतु त्यांच्या खेळाचा मूळ पुरुष तोच. फरक इतकाच की, मोबाइलवरच्या वंशजाने वेग आणि थरार घेतला आणि मूळ खेळातील संथ, काटेकोर वास्तव मागे ठेवले.

गोळी आधी, आवाज मागून

या खेळांतील वास्तवाचा भक्कम भाग भौतिकशास्त्राचा आहे. अनेक साध्या खेळांत बंदुकीचा चाप ओढताच समोरच्याला गोळी लागते; मधले अंतर जणू नसतेच. ‘आर्मा’मध्ये प्रत्येक गोळीचा प्रवास मोजला जातो. रायफलीची गोळी सुरुवातीला सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते, हवेच्या विरोधामुळे मंदावते आणि गुरुत्वाकर्षणामुळे खाली येऊ लागते. तीनशे मीटर पार करण्यास तिला सुमारे ०.४ सेकंद लागले असे धरले, तर तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेच्या पाऊण मीटरहून अधिक खाली आलेली असते. त्यामुळे दूरच्या लक्ष्यासाठी नेम वर आणि धावत्या लक्ष्यासाठी पुढे धरावा लागतो.

आवाजाचेही तसेच. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ६८० मीटरवरून झाडलेल्या बंदुकीचा बार ऐकू येण्यास दोन सेकंद लागतात, तर गोळी त्याच्या बरीच आधी पोहोचते. कानाजवळून चाबूक कडाडल्यासारखा आवाज प्रथम येतो आणि बंदुकीचा धप्प असा बार मागून. या दोन आवाजांतील अंतरावरून शत्रू किती दूर आहे, याचा अंदाज सैनिक घेतात. ‘आर्मा’मधील अनुभवी खेळाडूही तेच करतो, कारण खेळात हा विलंब तसाच ठेवलेला आहे.

प्रदेशाची गोष्ट याहून रंजक आहे. ‘आर्मा २’मधील चेर्नारूस हा काल्पनिक देश झेक प्रजासत्ताकाच्या उत्तर भागातील खऱ्या भूभागावर बेतलेला आहे. ‘आर्मा ३’मधील आल्टिस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस किलोमीटर असून त्याचा नमुना म्हणजे ग्रीसचे लेम्नोस बेट. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे दोन कर्मचारी या बेटावर गेले असता लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतल्याच्या संशयावरून ग्रीक पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली. आपण सुटीसाठी आलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. चार महिन्यांहून अधिक काळ ते कोठडीत होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांना जामीन मिळाला. खेळातील बेटाला आधी लेम्नोसचेच नाव होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते बदलून आल्टिस करण्यात आले. खेळासाठी रेखाटलेला भूभाग खऱ्याच्या किती जवळ जाऊ शकतो, याची ही कडवट साक्ष म्हणावी लागेल.

सैन्याची पाठशाळा

सैन्यांनाही या खेळांचे महत्त्व लवकर कळले. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या मरीन दलातील काही जणांनी ‘डूम २’ या त्या काळातील लोकप्रिय खेळात फेरफार करून चार जणांच्या गटाला एकत्र हालचालीचा सराव देणारी आवृत्ती तयार केली होती. ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’नंतर त्याच तंत्रावर आधारित ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ हे प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर आले आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसह अनेक देशांच्या सैन्यांनी ते वापरले. ते तयार करणारी कंपनी २०२२ मध्ये ‘बीएई सिस्टिम्स’ या ब्रिटिश संरक्षण उद्योगाने विकत घेतली.

अमेरिकी लष्कराने ४ जुलै २००२ रोजी ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ विनामूल्य खुला केला. तरुणांना भरतीकडे आकर्षित करणे हा त्याचा उघड हेतू होता. वीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये तो बंद करण्यात आला.

तथापि, सैन्य अशा साधनांकडून नेमके काय अपेक्षिते, हे ध्यानात घेतले पाहिजे. संगणकासमोर बसून रायफल चालवता येत नाही, तिचे वजन पेलता येत नाही आणि भीतीवर ताबाही मिळवता येत नाही. सरावासाठी मिळतो तो निर्णय आणि संवाद : वाहनांचा ताफा अडला तर कोणी काय करायचे, माहिती कोणाला आणि किती शब्दांत द्यायची. बाकीचे मैदानावरच शिकावे लागते. हेच खेळाडूलाही लागू आहे. हजार तास ‘स्क्वॉड’ खेळलेला तरुण पथकात बोलायला उत्तम शिकतो, पण त्यामुळे तो सैनिक होत नाही.

नकाशात नसलेली माणसे

या खेळांचे वास्तव निवडक आहे. काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते आणि वगळलेल्या गोष्टींची यादी लहान नाही.

‘स्क्वॉड’मध्ये इराकमधील फलुजा आणि अल बस्रा या शहरांवर बेतलेले नकाशे आहेत. घरे आहेत, गल्ल्या आहेत, कुंपणाच्या भिंती आहेत. राहणारी माणसे मात्र नाहीत. खिडकीआड कोण आहे याची खात्री न करता तिच्यावर मारा करणारा खेळाडू तिथे फार तर दारूगोळा वाया घालवतो. खऱ्या शहरात त्या खिडकीआड एखादे कुटुंब असू शकते. फलुजाच्याच २००४ मधील लढाईवर बेतलेल्या ‘सिक्स डेज इन फलुजा’ या खेळाची घोषणा २००९ मध्ये होताच टीका झाली आणि प्रकाशक कंपनीने अंग काढून घेतले. खऱ्या माणसांच्या मृत्यूचा खेळ करावा का, हा प्रश्न त्या वेळी पुढे आला. अखेर जून २०२३ मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंपुढे आला.

जखमी शत्रूचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘स्क्वॉड’मध्ये कोसळलेल्या सैनिकाला त्याचा सोबती पुन्हा उभे करू शकतो. म्हणून अनेक खेळाडू पडलेल्या शत्रूवर आणखी एक गोळी झाडतात. खेळाच्या नियमांच्या दृष्टीने ती केवळ खबरदारी असते. खऱ्या युद्धात जखमी होऊन लढण्यास असमर्थ झालेल्या किंवा शरण आलेल्या माणसाला मारणे, हा जिनिव्हा करारांनुसार युद्धगुन्हा आहे. खेळात शरण येण्याची सोयच नसल्याने हा पेच खेळाडूसमोर कधी उभाच राहत नाही.

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०१३ मध्ये याविषयी भूमिका मांडली होती. खेळांतील हिंसेवर बंदीची मागणी तिने केली नाही. समकालीन युद्ध दाखवणाऱ्या खेळांत युद्धाचे कायदेही असावेत आणि ते मोडल्यास खेळाडूला त्याचे परिणाम भोगावे लागावेत, एवढाच तिचा आग्रह होता. बोहेमिया कंपनीने त्याला प्रतिसाद दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘आर्मा ३’साठी ‘लॉज ऑफ वॉर’ हा विस्तार आला. त्यात खेळाडू असतो एका काल्पनिक मदतसंस्थेचा सुरुंग निकामी करणारा तज्ज्ञ. युद्ध संपलेले असते, गाव ओस पडलेले असते आणि न फुटलेले बॉम्ब शोधत तो एका पत्रकाराशी दूरध्वनीवर त्या गावाची कहाणी बोलत असतो. या विस्ताराच्या त्या वर्षातील उत्पन्नाचा अर्धा हिस्सा कंपनीने रेडक्रॉस समितीला दिला. बंदूक न चालवताही युद्धाचा खेळ होऊ शकतो आणि तो लोक विकत घेतात, हे त्यातून दिसले.

हिंसक खेळांमुळे मुले हिंसक होतात का, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने मार्च २०२० मध्ये याबाबतची भूमिका स्पष्ट केली. ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वर्तनाशी खेळांचा अल्प संबंध आढळतो. मात्र गंभीर हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे संघटनेने म्हटले. वास्तवदर्शी खेळांच्या बाबतीत दुसरा एक परिणाम अधिक ठळक आहे आणि तो खेळणाऱ्यांवर होत नाही. जे हा खेळ कधीच खेळले नाहीत, त्यांच्यावर तो होतो.

पडद्यावरून बातमीत

सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने लिबिया आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी यांच्या संबंधांवरील माहितीपट दाखवला. त्यात १९८८ मध्ये हेलिकॉप्टर पाडल्याचे म्हणून दाखवलेले दृश्य ‘आर्मा २’मधील निघाले. प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचा ठपका तेथील प्रसारण नियामक ‘ऑफकॉम’ने २०१२ मध्ये ठेवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिका व ‘इस्लामिक स्टेट’ यांच्यातील संगनमताचा पुरावा म्हणून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांपैकी एक मोबाइलवरील खेळातील होते. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यात लढाई सुरू असताना भारतातील काही वृत्तवाहिन्यांनी ‘आर्मा ३’मधील दृश्ये पाकिस्तानी हवाई दलाच्या हल्ल्याची म्हणून दाखवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हच्या आकाशातील अज्ञात युक्रेनी वैमानिकाच्या पराक्रमाची म्हणून पसरलेली चित्रफीत ‘डीसीएस’ या विमानोड्डाणाच्या खेळातील होती. मे २०२५ मधील संघर्षात तर पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाला व्हिडिओ गेममधील दृश्यांबाबत नागरिकांना सावध करावे लागले.

फसलेल्यांत वाहिन्या आणि मंत्रालयेही आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण खेळाच्या रचनेत आहे. वर सांगितलेले भौतिकशास्त्र दूरच्या दृश्यात सर्वाधिक खरे भासते. गोळ्यांच्या प्रकाशरेषांची कमान आणि क्षेपणास्त्राचा मार्ग यांत डोळ्याला चूक सापडत नाही, कारण ते गणित बव्हंशी बरोबर असते. खेळाडू कॅमेरा हवा तिथे नेऊ शकतो. हजारो मॉड उपलब्ध असल्याने हव्या त्या देशाचे रणगाडे आणि गणवेश आणता येतात.

दुसरे कारण खऱ्या युद्धाच्या चित्रणात आहे. १९९१ च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रांवरील कॅमेऱ्यांची धूसर दृश्ये जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. आज ड्रोन, उष्णतेवर चालणारे कॅमेरे आणि मोबाइल यांतून युद्ध दिसते. खरे चित्रणच अस्पष्ट, मूक आणि माणसांविना असते. त्यामुळे खेळातील अस्पष्ट, मूक आणि माणसांविना दृश्य त्याच्याशेजारी सहज बसते. खेळाने वगळलेली माणसे खऱ्या चित्रफितीतही दिसत नाहीत, म्हणून त्यांची अनुपस्थिती कोणाला खटकत नाही.

तिसरे कारण पाहणाऱ्याच्या मनात असते. संघर्षाच्या काळात बातमीची भूक मोठी आणि खात्रीची माहिती थोडी असते. आपल्या बाजूचा विजय दाखवणारे दृश्य तपासून पाहावेसे वाटत नाही. ज्या घरातील मुलगा सीमेवर तैनात आहे, तेथे रात्री अकरा वाजता मोबाइलवर येणारी पेटत्या विमानाची किंवा उद्ध्वस्त चौकीची चित्रफीत मात्र झोप उडवते. ती ज्याने मजेत पुढे पाठवली, त्याला हे कळतही नाही.

अनेकदा मूळ चित्रफीत करणाऱ्याचा हेतू फसवण्याचा नसतो. तो आपल्या वाहिनीवर ‘हे खेळातील दृश्य आहे’ असे लिहूनच ती टाकतो. दुसरा कोणी तेवढी ओळ कापतो, चित्राचा दर्जा उतरवतो, पडद्यावरून पुन्हा चित्रित करतो आणि नवे शीर्षक देतो. बोहेमिया कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये याविषयी निवेदन काढले. अशा चित्रफिती हटवण्याची विनंती करूनही एक हटली की नव्या अनेक उगवतात, त्यामुळे वृत्तमाध्यमे आणि पडताळणी करणाऱ्यांशी सहकार्य हाच उपाय असल्याचे कंपनीने म्हटले.

ओळखावे कसे?

त्या निवेदनात काही खुणाही दिल्या होत्या. चित्राचा दर्जा फारच हलका असणे, ही पहिली. आज साधा मोबाइलही स्पष्ट चित्रण करतो, तेव्हा इतकी अस्पष्टता संशयास्पद ठरते. दृश्य रात्रीचे असणे, कॅमेरा मुद्दाम हलवल्यासारखा वाटणे, आवाज नसणे किंवा कृत्रिम असणे, या पुढच्या खुणा. खेळात वाहने आणि विमाने हुबेहूब दिसतात. पण माणसाची नैसर्गिक हालचाल दाखवणे कठीण असते, म्हणून अशा चित्रफितींत चालती-बोलती माणसे क्वचितच आढळतात. कोपऱ्यात खेळातील चिन्हे, आकडे किंवा सूचनांचा अवशेष राहून गेलेला असू शकतो. धूर, धूळ आणि स्फोट प्रत्येक वेळी एकाच साच्यातील वाटतात. वाहनांवरील खुणा आणि सैनिकांचे गणवेश त्या देशाच्या सैन्याशी जुळत नाहीत.

याला पत्रकारितेतील साध्या पडताळणीची जोड देता येते. वस्तीजवळ मोठा स्फोट झाला तर तो एकाच कॅमेऱ्यात सापडत नाही. निरनिराळ्या गच्च्यांवरून, वेगवेगळ्या कोनांतून त्याची चित्रणे येतात आणि त्यांत लोकांचे बोलणे, गाड्यांचे भोंगे, कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते. चित्रफितीतील एखादे स्थिरचित्र घेऊन इंटरनेटवर प्रतिमाशोध केला, तर ती पूर्वी कोठे आणि कोणत्या नावाने आली होती, हे पुष्कळदा कळते. पाठवणाऱ्याने ठिकाण आणि वेळ दिली नसेल, तर ती विचारावी.

या खुणा कायमच्या नाहीत, हेही खरे. खेळांचे चित्र दरवर्षी अधिक सुबक होत आहे. आज जी चूक डोळ्याला दिसते, ती पुढील आवृत्तीत राहणार नाही. अशा वेळी चित्राचा बारकावा तपासण्यापेक्षा ते कोठून आले, याचा शोध घेण्याची सवयच टिकाऊ ठरेल.

हा खेळ नियमाने खेळणाऱ्यांकडून येथे शिकण्यासारखे आहे. झुडपात काही हलले, तर चांगले पथक लगेच गोळी झाडत नाही. नायक नकाशा पाहतो, शेजारच्या पथकाला विचारतो, ‘तिथे तुमचे कोणी आहे का?’ आणि उत्तर येईपर्यंत सगळे थांबतात. त्या दोन-चार सेकंदांत संधी हुकू शकते, हे त्यांना माहीत असते. पण सुटलेली गोळी परत घेता येत नाही, हेही त्यांनी आपल्याच सोबत्याला मारून कधीतरी शिकलेले असते. खेळात तो सोबती काही वेळाने पुन्हा उभा राहतो. मोबाइलवर आलेली चित्रफीत पुढे पाठवणाऱ्याला अशी दुसरी संधी मिळत नाही.